सास्तुरातली मर्यादवेल

८ डिसेंबर २०२४, रविवार

आज लिहितो, उद्या लिहितो करत दहा दिवस गेले. खरं सांगायचं तर ही डायरी अकरा महिने कोरीच आहे. लोहाऱ्याच्या बियाणेवाल्यानं जानेवारीत फुकट दिली, तवा मी अव्वाला, म्हणजे आईला, म्हणालो होतो, रोज एक पान लिहीन. अव्वा म्हणाली, "तू सलग आठ दिवस एका जागी झोपलास तरी लई झालं."

मी विरेश, सास्तुरचा. बारावीला दोन विषय गेले, आयटीआय अर्धं सोडलं. पुण्यात पार्सल पोचवली, हैदराबादला हॉटेलात भांडी घासली, सहा महिने एका जेसीबीवाल्याबरोबर नुसताच हिंडलो. यंदा गणपती झाल्यावर कोकणात मासेमारीच्या बोटीवर गेलो आणि सोबत सोहेलला नेलं. दहा दिवस लिहायला बसलो की ह्या "नेलं"पाशीच अडकायचो.

सोहेल म्हणजे पाशाचाचाचा मुलगा. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. चाचा कापूस पिंजून गाद्या भरतात. २४ नोव्हेंबरला पहाटे बोट खाडीच्या तोंडाशी उलटली. तिघं निघाले. सोहेल निघाला नाही. दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी मी त्याची बॅग आणि माझी बॅग उचलली आणि कुणाला न सांगता एस्टीत बसलो.

बसायच्या आधी फोन केला. सोहेल गेला एवढं बोललो. फोन लालबी चाचीनं, सोहेलच्या आईनं, घेतलेला. ती रडली नाही, एकच विचारलं, "माती तरी भेटली का रे त्याला?"

मी म्हणालो, "हौ."

एवढा एकच शब्द. बाकी सगळं त्याच्या मागनं बोलावं लागलं. पाण्यातली मयत ठेवत नाहीत म्हणून लगेच माती दिली. किनाऱ्यावरच दिली. गावातली माणसं आली होती. तुम्ही येईपर्यंत थांबता आलं नाही.

आता लिहून काढलं. हलकं बिलकं काही वाटत नाही.

१० डिसेंबर

वेलीबद्दल लिहायचं राहिलं.

किनाऱ्यावर भरतीचं पाणी कचरा टाकून जातं ना, शिंपले, जाळ्याचे तुकडे, चपला, त्या रेघेच्या वर ही वेल सुरू होते. आपट्यासारखं पान, टोकाला चिरलेलं, पण जाड आणि चकचकीत. दोरासारखी वाळूवर पसरते, वीस-वीस हात. प्रत्येक पेराला मूळ फुटतं. सकाळी जांभळं फूल येतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाळूत बसलो होतो, हाताला काहीतरी धरायला पाहिजे होतं, ही धरली. उठलो तर तुकडा हातातच आला.

मासळी वाळत घालणारी एक म्हातारी बघत होती. म्हणाली, ही मर्यादवेल, समुद्र हिच्या अलीकडं येत नाही. मी म्हणालो, घेऊन जाऊ का आमच्याकडं? तर म्हणाली, "घाटावर? मरेल रे. हिला उपाशी ठेवावं लागतं. वर कोरडी रेती, ओल खाली खोल, दिवसभर ऊन नि खारा वारा. वाळूत गाडलीस तरी वर येईल. पण पोटभर पाणी दिलंस की कुजलीच."

कोकमाच्या बाटलीत तुकडा घातला, पिशवीत थोडी वाळू घेतली. कशाला घेतली ते आजही सांगता येत नाही. चाचीच्या दारात पोचलो तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, बाटलीकडं बघितलं.

"हे काय रे बेटा?"

इथल्या कबरस्तानात कबरीवर सब्जा लावतात. तिला वाटलं तसलंच काहीतरी. आणि मी म्हणालो, "त्याच्यावर लावलीय, चाची. त्यातलीच."

तिनं शेतातली काळी माती आणली, चांगली लोण्यासारखी. दोन ओंजळी शेणखत. मोठ्या घमेल्यात लावली आणि अंगणात न्हाणीजवळ ठेवली. "लेकराला चांगली माती पाहिजे," म्हणाली.

मला म्हातारीचं बोलणं आठवत होतं. पण म्हणू काय?

१२ डिसेंबर

पानं पिवळी पडली. चाची दिवसातनं पाच वेळा पाणी घालती, नमाजाच्या वेळा धरून. ओठ हलत असतात. त्या वेळी जाऊन "पाणी नका घालू" असं कोण म्हणंल?

आज मी अंगणात बसलो होतो. आत चाचाचं पिंजायचं मशीन चालू होतं. सिमरन, सोहेलची धाकटी बहीण, उशीला टाके घालत होती. चाचीनं विचारलं, खड्डा कुणी खणला? केवढा खणला?

मुसलमानांची माती मी कायम लांबनंच बघितलीय, फाटकाबाहेर उभारून. आत जाऊन बघितलीय ती एकच, माझ्या आज्याची. आम्ही लिंगायत, आमच्यात मयत बसवून पुरतात. तेच डोळ्यापुढं आलं आणि तेच सांगत गेलो. चौकोनी खड्डा, छातीएवढा. आत नीट बसवलं. वरनं मीठ टाकलं. मिठाची तिथं कमी नाही, म्हणालो.

मशीन थांबलं.

चाची म्हणाली, "बसवलं?"

चाचा दारात आले. भुवया, दाढी, सगळीकडं कापूस. म्हणाले, "बसवलं म्हंजे ठेवलं गं. पोरगं घाबरल्यालं, काय बी बोलतंय. तू चहा ठेव."

चाची आत गेली. चाचा माझ्याकडं बघत उभे राहिले. मला वाटलं कापूस पिंजून दमले असतील. मग म्हणाले, "कोणत्या गावाच्या खाडीवर म्हणालास?" मी गाव सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, नीट पाठ केल्यासारखं.

१३ डिसेंबर

चाचा पहाटेच्या गाडीनं सोलापूरला गेले, कापूस आणायला. लग्नसराईच्या गाद्या आहेत म्हणे.

१५ डिसेंबर

चाचा नाहीत तेवढ्यात वेल सुधारायची ठरवली. मोबाईलवर वाचत बसलो तर कळलं की थंडी पण हिला सोसत नाही. इथं पहाटे तोंडातनं वाफ निघतीय. आता हे हवामानाचं मी काय करू?

पण रेती तरी आणता येईल. शेजारच्या धनाजीची मोटारसायकल घेऊन माकणीच्या धरणाखाली तेरणा नदीवर गेलो. धरणाच्या भिंतीपाशी भोई जाळं सोडत होते. काठावर उभा राहिलो आणि दीड तास गेला. त्यांचं जाळं पहिल्या हिसक्यातच गुंतलं होतं, कसं सोडवायचं ते मी त्यांना सांगितलं. एकजण म्हणाला, "कुठं शिकलास?" मी म्हणालो, कोकणात. "मग आलास कामून परत?" हसत हसत विचारलं त्यानं. मी गाडीला किक मारली.

अर्ध्या रस्त्यात आठवलं की रेती भरायचीच राहिली. परत फिरलो. पोतंभर भरली. त्या पात्रात ट्रॅक्टर धुतात, डिझेलचा वास येत होता.

घमेल्याला खिळ्यानं भोकं पाडली. काळी माती काढली तर खाली नुसता चिखल, आंबल्यासारखा वास. मुळं काळी पडलेली. रेतीत लावलं, वरनं किनाऱ्यावरची ती पिशवीभर वाळू पसरली, थोडं खडेमीठ घातलं. चाचीला सांगितलं, तिथं असंच असतंय.

"मीठ टाकलंस त्याच्यावर?" ती म्हणाली. मी घराच्या कोपऱ्यावर पोचलो आणि मागं वळून बघितलं तर तांब्या घेऊन उभी.

१७ डिसेंबर

गेली. एक पेर हिरवट आहे, बाकी दोरी भिजून कुजावी तशी. धरली की सालटं हातात येतंय.

चाची घमेल्याजवळ बसली होती. म्हणाली, "इथली माती त्याला नक्को वाटूलालीय. तिथंच करमतंय त्याला." मग म्हणाली, "चाळिसाव्याला मी जाती. दोन जानेवारीला. तू चल संग. जागा दाखव."

सिमरन म्हणाली, "अम्मी, एवढ्या लांब?"

"नव्वद-तीनला आठव्या दिवशी माझी भैण सापडली. ओळखली ती बांगड्यावरनं. तरी माती दिली, जागा हाय तिची, शुक्रवारी जाऊन बसती मी. ह्याच्यापाशी एकदा बी बसू नको का?"

भूकंपातलं ती कधी बोलत नाही. आमचं अख्खं गाव उचलून इकडं वसवलं, तरी त्या जुन्या जागेकडं ती तोंड करत नाही असं सोहेल सांगायचा.

मी म्हणालो, "वेल जगंल चाची. जगली तर मग जायची काय गरज? तोच हितं आल्यागत."

ती म्हणाली, "जगली तर बघू."

म्हणजे पंधरा दिवसांत ही वेल जगवायची. नाहीतर त्या बाईला एस्टीत बसवून, पाचशे किलोमीटर नेऊन, नुसती रिकामी वाळू दाखवायची.

१९ डिसेंबर

चाचा आले. सहा दिवस लागले. कापूस आणलाच नाही, म्हणे भाव चढलेत. नाक सोलवटलंय, गाल काळे पडलेत. सोलापूरला एवढं ऊन आहे का डिसेंबरात? चपलेच्या पट्ट्यात वाळू होती. मी म्हणालो, "चाचा, तेरणेतनं चालत आलाव का?" ते हसले नाहीत. त्यांनी पिशवी स्वतःच आत नेली, सिमरनला हात लावू दिला नाही.

जेवताना चाची म्हणाली, "मी चाळिसाव्याला जाणार हाय, तिकडं." चाचांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "बघू. वेल काय म्हणूलालीय?"

"मेली."

"सकाळी बघू," चाचा म्हणाले.

२२ डिसेंबर

जगली! वेल जगली!

पाच दिवसांपूर्वी एक पेर हिरवट होतं, आज सात पानं. सात! टोकाला चिरलेली, जाड, चकचकीत, अगदी तिथल्यासारखी. शेंड्याला लाल कोंब. वेल आधी न्हाणीकडं जात होती, आता भिंतीकडं चाललीय. फिरली असेल उन्हाकडं. रेतीत बोट घातलं तर बारकी शिंपली लागली, माझ्या पिशवीतलीच, पण एवढी होती का पिशवीत? असतील. मिठानं काम केलं. मी म्हणालोच होतो, हिला उपाशी ठेवायला पाहिजे.

सगळ्यांना सांगत सुटलो. सिमरनला सांगितलं, कशी भोकं पाडली, कशी रेती आणली. ती माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "विरूभाई, तुम्ही लई हुशार." चेष्टा होती का काय, कळलं नाही.

चाचांनी घमेल्यावर जुन्या गादीची खोळ उभी केलीय, रात्री थंडीला. पाणी घालायचं काम त्यांनी आपल्याकडं घेतलंय, चाचीला म्हणाले, तुझे गुडघे दुखतात. मला तर एवढंच पाहिजे होतं.

२५ डिसेंबर

चाचा मला रोज कामावर बोलवतात. गादीला टाके घालायला शिकवतात. मोठी सुई, दुहेरी दोरा, खालनं वर. मी दहा टाके घालून बाहेर बघत बसतो, ते ओरडत नाहीत. आपल्या माणसाला ओरडतात, मला नाही.

आज टाके घालता घालता म्हणाले, "पव्हता येत होतं का रं त्याला?"

"न्हाई. मी शिकवणार होतो."

"त्या दिवशी तू बोटीत नव्हतास?"

तिथं मला गप्प बसता आलं असतं. पण चाचा एवढ्या हळू आवाजात विचारत होते की मी सांगून टाकलं. पाळी माझी होती. पण शेजारच्या किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला म्हणून कुणीतरी सांगितलं, मी रात्रीच मोटारसायकलवर बसून बघायला गेलो. सोहेल म्हणाला, जा, मी जातो तुझ्या जागी, ये बघून आणि मला सांग केवढा हाय ते.

चाचांनी सुई खाली ठेवली. मग विचारलं, "केवढा होता?"

"आपल्या गल्लीएवढा असंल. हितनं त्या लाइटीच्या डीपीपर्यंत."

"एवढा?" चाचा म्हणाले. "एवढा मोठा टाकला बाहेर."

मग टाके घालायला लागले.

३० डिसेंबर, येळवस

आज वेळ अमावस्या. अख्खा तालुका रानात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. दरसाल सोहेल आमच्या रानात यायचा, अव्वा त्याला पहिल्या पंक्तीला बसवायची. भज्जीवर भज्जी घ्यायचा आणि मग कोपीत झोपायचा. अव्वानं आज आधी त्याच्या नावानं एक द्रोण बाजूला काढला, मग मला म्हणाली, "जा, लालबीला देऊन ये. आणि तोंड धुऊन जा, मढ्यासारखं दिसूलालंय."

डबा घेऊन गेलो. चाची अंगणात बसली होती. तिनं पांढऱ्या कापडाच्या लहान पुरचुंड्या शिवल्या होत्या, वीस-पंचवीस. घमेल्यातली वाळू चिमूट चिमूट काढून त्यात भरत होती. म्हणाली, चाळिसाव्याला सगळे नातेवाईक येतील, औशावरनं, गुलबर्ग्यावरनं. माती द्यायला कुणाचा हात लागला नाही, निदान ही त्याच्या जागेची माती तरी हातात देईन. बायका उशाला ठेवतील.

एक पुरचुंडी तिनं डोळ्याला लावली, ओठाला लावली. डिझेलचा वास आला नाही का तिला?

"आता मी जात न्हाई तिकडं," ती म्हणाली. "वेल जगली. तू म्हणालास तसंच झालं. हितंच बसीन त्याच्यापाशी. तुझं भलं होईल बेटा." आणि माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली.

जे पाहिजे होतं ते सगळं झालं. मी घरी आलो तरी पुरचुंडी मुठीतच होती.

१ जानेवारी २०२५

डायरी संपली. मागं जाऊन गेल्या जानेवारीच्या कोऱ्या पानांवर लिहितोय, वार चुकीचे छापलेत तिकडं लक्ष द्यायचं नाही.

आज सांगितलं.

चाची चुलीपुढं कांदा चिरत होती, उद्याच्या जेवणाचा. वीस किलो कांदा. मी समोर बसून चिरायला लागलो. ती म्हणाली, "डोळे पूस." मी म्हणालो, "चाची, कबर न्हाई."

"काय न्हाई?"

"कबर. माती न्हाई दिली. सापडलाच न्हाई त्यो. दोन दिवस हुडकलं. मी खोटं बोललो फोनवर. वाळू तेरणेतली हाय."

मला वाटलं मारील. मारावं असं वाटत होतं. ती सुरी हातात धरून बसली. बाहेर मशीन चालू होतं.

"तू बघितलं न्हाईस त्याला? मेल्यालं?"

"न्हाई."

"कुणीच न्हाई?"

"कुणीच न्हाई, चाची."

"मग मेला कशावरनं?"

मी पुढचा कांदा घेतला. खाडीच्या तोंडाशी पाणी कसं फिरतं ते मी बघितलंय. सांगायला पाहिजे होतं.

ती उठली. पदरानं तोंड पुसलं. सगळ्या सुरकुत्या जागच्या हलल्या जणू, अशी दिसत होती. दारात जाऊन ओरडली, "अजी, मशीन बंद करा! आपला सोहेल मेला न्हाई!"

चाचा आले. तिनं सगळं सांगितलं, हसत, हुंदके देत. चाचांनी ऐकून घेतलं. मला दंडाला धरून अंगणात आणलं. वाटलं आता विचारतील, खोटं का बोललास. तर दात आवळून म्हणाले,

"तुला कुणी इचारलं होतं?"

"चाचा, मी खरं..."

"खरं! वीस दिवस एकटा एकटा मी..." आणि घमेल्याकडं बघत राहिले. "जा. घरी जा."

मला काहीच समजेना. खोटं बोललो त्याचा राग नाही, खरं बोललो त्याचा आला.

२ जानेवारी

चाळिसावा झाला नाही. चाचीनं जेवण रांधायला आलेला भटारी परत पाठवला. गुलबर्ग्याची माणसं आली ती दारातच थांबली. ती त्यांना सांगत होती, जित्या माणसाचा चाळिसावा करतात का? पुरचुंड्या उकिरड्यात.

वेल तिनं स्वतः उपटली. आता मुळं कुठं पांढरी, चांगली वीतभर झाली होती. शेळीपुढं टाकली. शेळीनं हुंगून सोडून दिली.

सिमरन दिवसभर भिंतीला टेकून बसली होती. जाताना मला म्हणाली, "रडून मोकळी झालेली ती. तुम्हाला बघवलं न्हाई काय?"

५ जानेवारी

चाचीनं सोहेलचा नंबर रिचार्ज करून घेतला. नाहीतर बंद होतो म्हणे. रोज सकाळी लावून बघती, बंद लागतो, तरी सांगती, कंपनीची बाई किती गोड बोलती.

९ जानेवारी

जेवणाला चार ताटं वाढती. चौथं झाकून ठेवती. रात्री ती झोपली की चाचा उठून ते खातात, सिमरननं सांगितलं. रिकामं ताट सकाळी बघून ती म्हणती, "बघा. येऊन गेला."

मी कोकणात जाऊन पुन्हा शोधू का, म्हणून चाचांना विचारलं. ते म्हणाले, "त्या म्हातारीला पण म्यां इचारलं." कुठली म्हातारी, म्हणालो. "कुठली न्हाई. तू टाके घाल."

१४ जानेवारी

संक्रांत. अव्वा तिळगूळ घेऊन गेली चाचीकडं. आल्यावर चुलीपाशी बसून राहिली. म्हणाली, "ती हसत होती रे विऱ्या. मला तिच्याकडं बघवंना." मग म्हणाली, "आता कुठं पळू नकोस. पळालास तर मी तुला घरात घेणार न्हाई."

रात्रीच्या गाडीनं जायचं मनात होतं. बॅग भरली होती. तिला कसं कळलं?

बॅग रिकामी केली.

१७ जानेवारी

चाचाच्या दुकानात गाद्यांच्या ढिगावर बसून लिहितोय. सकाळपासून तीन गाद्या शिवल्या. टाके सरळ येऊलालेत आता. चाचा म्हणाले, "पोटापुरतं शिकलास." आज पहिल्यांदा ते असं बोलले. चाची आत ज्वारीच्या भाकरी थापतीय, थापटीचा आवाज येतोय, मधनं मधनं सोहेलशी बोलल्यासारखं काहीतरी. घमेल्यात तिनं कोथिंबीर टाकलीय, उगवलीय चांगली, काळ्या मातीत. मी आज चाचांना विचारणार होतो की

गाडी थांबली. गल्लीत जीप कशाला? लोहाऱ्याची सवारी जीप नाही, पोलिसांची आहे. आपल्या ठाण्याचा एक शिपाई ओळखीचा, त्याच्या बरोबर दुसरा एक, जाडसर, दमलेला, खाकीवर स्वेटर. उतरल्या उतरल्या सरळ चाचांजवळ आला आणि हात हातात घेतला, जुन्या ओळखीच्या माणसाचा घ्यावा तसा. बोली तिकडची, किनाऱ्याकडची. म्हणाला, "तुम्ही महिन्यापूर्वी आमच्याकडे नाव लिहून गेलात म्हणून शोधत आलो. दोन तालुके खाली एक मयत लागलेली, डिसेंबरच्या सुरवातीला. बेवारशी म्हणून तिथंच पुरलीय. मेळ बघायला आईचं रक्त लागेल. आई घरात आहे ना?"

चाचांनी आतल्या दाराकडं बघितलं.

भाकरीची थापटी थांबलीय. जीपचा आवाज तिनं पण ऐकला. हाताचं पीठ न धुताच बाहेर निघालीय चाची, पळत, डोक्यावरचा पदर घसरलाय, आणि हसतीय.